दंगल नसताना करायची कामं

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशी मुंबई दोनदा पेटली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. मुंबईच्या वेशीवरची भिवंडी मात्र त्या दोन्ही महिन्यांत शांत राहिली. जुन्या ठाणेकरांना याचं आजही नवल वाटतं, कारण त्याआधी दंगल म्हटलं की पहिलं नाव भिवंडीचंच यायचं. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून उसळलेल्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला होता. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे, कल्याण, मुंबई असा सगळा पट्टाच होरपळला आणि अडीचशेच्या वर माणसं गेली. मग आठ वर्षांत या गावात असं काय झालं?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधायला घेतल्या. सुमारे ७० कमिट्या झाल्या. प्रत्येकीत त्या वस्तीतले हिंदू आणि मुसलमान निम्मे-निम्मे, सोबत एक ठरलेला पोलीस. शांतता कमिटी भिवंडीला नवी नव्हती. पण जुनी कमिटी सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरायची आणि तिच्यात नगरसेवक, मोठे व्यापारी, मौलाना, मंडळांचे अध्यक्ष अशी गावातली वजनदार मंडळी असायची. ती भाषणं करून घरी जायची आणि पुढच्या सणापर्यंत एकमेकांचं तोंड पाहायची नाहीत. नव्या कमिट्यांत साधी माणसं होती: माग चालवणारे, दुकानदार, नोकरदार. त्या सण नसतानाही भरायच्या आणि बोलायच्या ते नळाच्या पाण्याबद्दल, गटाराबद्दल, नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल, गल्लीत दादागिरी करणाऱ्या पोराबद्दल. डिसेंबर ९२ उजाडला तेव्हा ही माणसं एकमेकांना चार वर्षं ओळखत होती.

समाजात शांतता बांधण्याचं काम शिकायचं असेल तर परदेशातली उदाहरणं जरूर पाहावीत, पुढे मीही देणार आहे. पण पहिला धडा आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहे. दंगलीनंतर स्थापन झालेली कमिटी दंगलीनंतरचीच कामं करू शकते. दंगल थांबवते ती आधीपासून चालू असलेली कमिटी, आणि आधीपासून चालू राहायची तर तिच्याकडे दंगलीशी संबंध नसलेलं काम हवं.

"आमच्याकडे सगळे मिळूनमिसळूनच राहतात, कमिटी कशाला?" असं बरेच जण म्हणतात. मिळूनमिसळून तर भिवंडीतही राहत होते. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कामगार तिसरीकडचा आणि कापड विकणारा चौथाच, अशी तिथल्या धंद्याची रचनाच आहे. रोजचा व्यवहार एकमेकांशिवाय होत नव्हता, तरी १९७० आणि १९८४ झालंच. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांच्या तीन जोड्या लावून हाच प्रश्न अभ्यासला होता. त्यांचा निष्कर्ष असा की शेजार, सणाला फराळ-शीरखुर्मा, नाक्यावरचा नमस्कार हे सगळं खेड्यात पुरतं, शहरात पुरत नाही. शहरात तग धरतात त्या दोन्ही समाजांची माणसं सभासद असलेल्या संस्था: कामगार संघटना, व्यापारी संघ, पतपेढ्या, क्लब. कारण संस्थेला बैठक असते, फोन नंबरांची यादी असते आणि तुटली तर दोघांचंही नुकसान होतं. शेजाऱ्याला ताणाच्या दिवशी दार लावून घरात बसता येतं. व्यापारी संघाच्या सेक्रेटरीला तसं बसता येत नाही.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येऊ. राबोडी, मुंब्रा-कौसा, भिवंडीतल्या मागांच्या वस्त्या, तुर्भे स्टोअर, घणसोलीसारखी गावठाणं किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातलं (एसआरए) मोठं संकुल, कुठेही सुरुवात करा, पण एका कमिटीखाली दोन-तीनशे घरांपेक्षा जास्त घेऊ नका. रात्री अकरा वाजता दहा मिनिटांत पायी फिरून होईल एवढाच तुकडा घ्यावा. हद्द धर्माच्या रेषेवर आखायची नाही. नेमका उलटा नियम पाळायचा: दोन वस्त्या जिथे भिडतात तो रस्ता, तो नाका, तो नाला कमिटीच्या मधोमध आला पाहिजे. हद्द नाल्यावर संपवली की नाल्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन बाजू तुम्हीच उभ्या केल्यासारखं होतं.

माणसं चौदा ते अठरा पुरतात. भिवंडीतल्या कमिट्या याहून मोठ्या होत्या, पण तिथे बोलावणारे पोलीस होते. नागरिकांनी स्वतःहून सुरू केलेली मोठी कमिटी तीन बैठकांत विरते. कोण घ्यायचं हे पदावरून ठरवू नका, दिवसभरात किती माणसं त्याच्याकडे येतात यावरून ठरवा. रेशन दुकानदार, दवाखान्यातला कंपाउंडर, अंगणवाडी सेविका, आशा ताई, रिक्षा स्टँडचा प्रमुख, केबलवाला, मेडिकलवाला. कामगार वस्तीत खानावळ चालवणारा माणूस फार मोलाचा, कारण बाहेरून आलेले एकटे कामगार दोन वेळा त्याच्याच पाटावर असतात आणि त्यांच्यात काय शिजतंय ते त्याला आधी कळतं. भाडेकरू हवेतच. घरमालकांची कमिटी केली तर निम्मी वस्ती बाहेर राहते, आणि नेमकी तीच तरुण असते.

बायका किमान एक तृतीयांश हव्यात, आणि त्याही "महिला प्रतिनिधी" म्हणून कोपऱ्यात बसवायला नाही. केनियाच्या ईशान्येला वजीर नावाचा सोमाली लोकांचा भाग आहे. १९९२ पासून तिथे कुळाकुळांत रक्तपात चालू होता. तो थांबवण्याची सुरुवात १९९३ मध्ये बाजारातल्या बायकांनी केली, आणि देखा इब्राहिम अब्दी या त्यांच्यातल्या एक प्रमुख. पहिलं काम त्यांनी इतकं लहान निवडलं की कुणाला अडवायला जागाच उरली नाही: बाजारात कुठल्याही कुळाच्या बाईला माल विकता-विकत घेता आला पाहिजे. रोज पाहणी करायची, कुणी अडवलं तर त्याच दिवशी बोलायचं. बाजार सुरक्षित झाल्यावर त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या आणि तिथे आणखी एक शहाणपण दाखवलं. बोलणी चालवायला त्यांनी भांडणात नसलेल्या लहान कुळांचे वडीलधारे पुढे केले. मोठ्या दोघांपैकी कुणाचाही माणूस मध्यस्थ असता तर दुसरा आलाच नसता. हे आपल्याकडे सरळ वापरता येतं. कमिटीचं निमंत्रकपद वस्तीतल्या तिसऱ्या, लहान गटाकडे द्यावं. एखादे ख्रिस्ती शिक्षक, दाक्षिणात्य दुकानदार, बौद्ध वस्तीतल्या निवृत्त नर्स. दर वर्षी बदलावं.

कोण नको हेही स्पष्ट हवं. चालू नगरसेवक, तिकिटाचा इच्छुक, बिल्डरचा माणूस आणि ज्याच्यावर दंगलीचा किंवा मारामारीचा खटला चालू आहे तो. नगरसेवकाला बैठकीला जरूर बोलवा, पाण्याच्या प्रश्नावर उत्तर द्यायला बोलवा, पण सभासद करू नका. नेपाळमध्ये २००६ च्या शांतता करारानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक शांतता समित्या झाल्या. जागा पक्षांनी वाटून घेतल्या, आणि पुष्कळ ठिकाणी समित्या पक्षांच्या भांडणातच अडकल्या. ओळखपत्रं छापू नका. पोलिसांच्या सहीचं कार्ड खिशात आलं की काही जणांना नाकाबंदीत गाडी सोडवायला तेच पुरतं, आणि वस्तीला कमिटी म्हणजे काय हे त्या दिवशी "कळतं".

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सव्वा तास. मागांवर बारा तासांच्या पाळ्या असतात. तिथे पाळी बदलायच्या वेळेला बैठक ठेवली तर कामगार येणारच नाहीत. आठवडी सुट्टीची सकाळ बरी. जागा देवळाची नको, मशिदीची नको, पोलीस ठाण्याची तर नकोच. पालिकेची शाळा, बालवाडी, वाचनालय चालेल. पहिल्या सहा महिन्यांत "सलोखा" हा विषय पत्रिकेवर घेऊ नका. दोन कामं घ्या, दोन्ही वस्त्यांना जाचणारी आणि नव्वद दिवसांत होण्यासारखी: बंद पडलेले पथदिवे, कचऱ्याच्या गाडीची वेळ, शौचालयाची साफसफाई, शाळेसमोरचा गतिरोधक. पालिकेच्या प्रभाग समितीत अर्ज दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून द्यायचा, पाठपुराव्यालाही मिळूनच जायचं. काम होण्यापेक्षा त्या चार फेऱ्यांत जी ओळख होते ती पुढे उपयोगी पडते. पथदिव्याचं काम असंही वाया जात नाही. काळोखी गल्ली आणि दगडफेक यांचं नातं बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या कुठल्याही हवालदाराला माहीत असतं.

एक जाड वही ठेवा. त्यात प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त आणि प्रत्येक तक्रार: तारीख, वेळ, कोण म्हणालं, कुणी जाऊन पाहिलं, काय निघालं. मोबाइलवर ठेवू नका. ज्याच्या मोबाइलवर असेल त्याने वस्ती सोडली की कमिटीची आठवणही त्याच्याबरोबर जाते.

अफवेच्या कामाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. पण बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांना वेगळं करणाऱ्या उंच भिंती करारानंतरही उभ्याच राहिल्या. २०२३ पर्यंत सगळ्या काढायच्या असं सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं, तेही झालं नाही. या भिंतींच्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एक साधी सोय केली. उन्हाळ्यातल्या संचलनांच्या काळात दोन्हीकडे ठरलेल्या माणसांच्या हाती मोबाइल फोन दिले. पलीकडून दगड आला, जमाव दिसला, काही ऐकू आलं की पोलिसांच्या आधी पलीकडच्या माणसाला फोन. बहुतेक वेळा चौदा-पंधरा वर्षांची पोरं निघायची, आणि त्यांना हाकलायला त्यांच्याच गल्लीतला मोठा माणूस पोलिसापेक्षा बरा पडायचा.

आपल्या वस्तीत हे असं बसवता येईल. प्रत्येक बाजूला दोन माणसं, एक दिवसा घरी असणारं, एक रात्री. चौघांचे नंबर चौघांना पाठ. खबर आली की पहिला प्रश्न एकच: पाहिलं की ऐकलं? ऐकलं असेल तर कुणाकडून, आणि त्याने पाहिलं का? दुसरा प्रश्न: कुठे, नेमकं कुठल्या दुकानापाशी? अफवेला पत्ता नसतो, आणि पत्ता विचारला की निम्म्या तिथेच गळतात. मग पलीकडे फोन. "चाचा, तुमच्याकडे पिठाच्या गिरणीपाशी गर्दी जमलीय म्हणतात. तुम्ही स्वतः जाऊन बघाल का? मी फोन चालूच ठेवतो." पाच मिनिटांत माणूस जागेवर, दहा मिनिटांत उत्तर. खरं असेल तर ११२ आणि बीट अंमलदाराला, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाला, कळवायचं, आणि अंमलदाराचा वैयक्तिक नंबर आधीच घेतलेला असला पाहिजे. खोटं असेल तर ज्यांनी खबर आणली त्यांनाच, समोरासमोर, जो पाहून आला त्याच्या तोंडून सांगायचं.

इथे तीन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, खुलासा व्हॉट्सॲपवर टाकताना लोक मूळ अफवाच वर लिहितात आणि खाली "हे खोटं आहे" असं जोडतात. पुढे पाठवताना खालची ओळ कापली जाते. खुलाशात अफवा लिहूच नका, फक्त आत्ताची स्थिती लिहा: "रात्री ९.४०. बाजारपेठ चालू आहे. दुकानं उघडी आहेत. मी इथे उभा आहे." खाली नाव. दुसरं, जखमी माणसाचा किंवा मोडतोडीचा फोटो. तो खरा असला तरी पाठवू नये, पोलिसांना द्यावा. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, जुन्या कायद्यातलं १५३ अ ते हेच. ग्रुप ॲडमिनला हे आधीच समजावून सांगावं, ताणाच्या रात्री नव्हे. तिसरं, फोनची माणसं गावाला गेलेली असतात. म्हणून महिन्यातून दोनदा, न सांगता, रात्री साडेअकराला एकदा फोन लावून पाहायचा. तीन वेळा वाजूनही उचलला नाही तर माणूस बदला. राग येईल, येऊ द्या.

मिरवणुकीचं काम याहून वेळखाऊ आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याप्रमाणे संचलनाची सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते, आणि मार्ग-वेळेवर अटी घालायला स्वतंत्र आयोग आहे. आपल्याकडे असा आयोग नाही, पोलीस परवानगी देतात. पण महिनाभर आधीची तारीख कमिटीने स्वतःसाठी पाळावी. मंडळाचे दोन, ज्या वस्तीतून मिरवणूक जाते तिथले दोन आणि बीट अंमलदार, एवढ्यांनी मार्ग पायी चालायचा, तोही मिरवणुकीच्या वेळेलाच. कुठे वळण अरुंद आहे, कुठे वायर खाली आली आहे, कुठे विटा-खडी-डेब्रिज पडलंय हे वहीत लिहायचं. बांधकामाचा ढीग मार्गावर असेल तर तो आठवडाभर आधी उचलून घ्यायचा, कारण दगडफेकीला दगड लागतात. मशिदीसमोरून, देवळासमोरून मिरवणूक किती वाजता जाईल हे घड्याळ लावून ठरवा. नमाजाच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात, म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक मशिदीतून लिहून घ्या, गेल्या वर्षीचं चालत नाही. मिरवणूक रेंगाळते ती बहुतेक वेळा एकाच चौकात नाचण्यासाठी थांबून. तेव्हा थांबा कुठे घ्यायचा हे ठरवून द्या, मोकळ्या मैदानापाशी, आणि तिथे मनसोक्त नाचू द्या. आवाजाचे नियम सगळ्यांना सारखे आहेत: रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालय-शाळा-न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, ते दिवस आधी पाहून ठेवावेत. एका समाजाचा भोंगा मोजायचा आणि दुसऱ्याचा डीजे सोडायचा, असं कमिटीने एकदा जरी केलं तरी पुन्हा तिचं कुणी ऐकत नाही.

सणांच्या तारखांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. २०२४ आणि २०२५ मध्येही तारखा लागून आल्या आणि तेव्हाही जुलूस विसर्जनानंतर निघाला. हा योगायोग नव्हता. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, अनंत चतुर्दशी शुद्ध पक्षातली चौदस आणि ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वलची बारा तारीख. महिने जुळले की दोन्ही दिवस एक-दोन दिवसांच्या अंतराने येणारच, आणि मराठी पंचांगात अधिक महिना पडला की ही जोडी सुटणार. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती सुटते आणि ईद-ए-मिलाद श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या तोंडाशी येते. ठाणे-मुंबईच्या कोळीवाड्यांना लागून असलेल्या मोहल्ल्यांनी हे आत्ताच वहीत लिहून ठेवावं. आणि ज्यांनी तीन वर्षं जुलूस पुढे ढकलला त्यांच्या त्या समजूतदारपणाची नोंदही ठेवावी. पुढे कधी दुसऱ्या बाजूला थोडं सरकावं लागलं तर ती नोंद दाखवता येते.

आता, सगळं करूनही काही घडलं तर. पहिल्या तीन दिवसांत भाषण नको, यादी हवी. कुणाचं घर, कुणाची गाडी, कुणाची हातगाडी, किती नुकसान, कागदपत्रं जळाली का. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्द आडवी येत नाही, आणि त्याची प्रत फुकट मिळते. पंचनाम्याच्या आधी राडारोडा साफ करू नका. लोक भीतीपोटी आणि लाजेपोटी लगेच झाडून काढतात आणि मग भरपाईच्या अर्जाला पुरावाच उरत नाही. साफ करणं भागच असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. दुकानाला विमा असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा आणि पॉलिसीत दंगलीचं संरक्षण आहे का ते पाहा. दुरुस्तीला सुतार, वेल्डर, रंगारी दोन्ही समाजांचे मिळून न्या, मजुरी देऊन न्या. फुकटच्या श्रमदानात जळालेल्या घरातल्या माणसाला उपकार वाटतो आणि मजुराचा दिवस बुडतो.

मग प्रश्न येतो समेटाचा, आणि इथे घाई करू नये असं मला मनापासून सांगायचं आहे. सिएरा लिओनमध्ये २००२ साली संपलेल्या यादवीनंतर गावोगावी मोठे सभासमारंभ झाले. पीडितांनी काय सोसलं ते सर्वांसमोर सांगायचं, ज्यांनी केलं त्यांनी कबुली देऊन माफी मागायची. २०० गावांत याचा काटेकोर अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे समारंभ झाले तिथे क्षमाभाव वाढला, लोक गावाच्या कामाला जास्त पुढे आले. पण त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि जुन्या आघाताचा त्रासही वाढला, आणि तो जवळपास तीन वर्षांनंतर मोजला तरी दिसत होता. गावाचं भलं झालं आणि बोलणाऱ्या माणसाने त्याची किंमत चुकवली. म्हणून ज्याचा मुलगा गेला त्या बापाला महिन्याभरात स्टेजवर बोलावून हस्तांदोलन करायला लावू नका. बोलायचं असेल तर तो स्वतः ठरवेल, सोबत घरचं माणूस असेल, कॅमेरा नसेल, आणि नंतर वर्षभर दर महिन्याला कुणीतरी त्याच्याकडे जाईल. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आपल्या हाताशी आहे. तिथे नेण्यासाठी सोबत जाणारं एक माणूस कमिटीत नेमून ठेवा.

रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर तुरुंग इतके भरले की नेहमीच्या न्यायालयांना ते निपटता येईना. मग सुमारे १२ हजार गाव-न्यायालयांपुढे जवळपास १९ लाख प्रकरणं चालली आणि २०१२ मध्ये ती बंद झाली. प्रचंड काम झालं. पण आरोपीला वकील नव्हता, साक्षीदार त्याच गावात राहत होते आणि त्यांना धमक्या येत होत्या. खून, बलात्कार, जाळपोळ यांचा निवाडा मोहल्ल्याने करायचाच नसतो. "गावात मिटवून टाकू" म्हणत तक्रार मागे घ्यायला लावणारी कमिटी दुबळ्याला दुसऱ्यांदा मारते. राज्यात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालली, तिचा अनुभवही हेच सांगतो की बांध, पाणी, भाडं, पार्किंग, आवाज असले वाद मिटवण्यात स्थानिक समितीचा खरा उपयोग. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीची शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, तीन मध्यस्थांचं मंडळ आणि लेखी समझोता. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, तेव्हा आधी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून मगच अर्ज करावा.

तरुणांसाठी क्रिकेटचे सामने सगळेच भरवतात. मुंबईत १९९४ नंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली, तिनेही भरवले. सामना भरवावाच, पण संघ कसे पाडता यावर सगळं आहे. मोहल्ला विरुद्ध मोहल्ला खेळवलात तर दोन बाजू आणखी पक्क्या होतात. इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू लॉटरीने घालून एक प्रयोग झाला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या संघात मुस्लिम खेळाडू आले त्यांची मैदानावरची वागणूक बदलली, सहा महिन्यांनीही ते मिश्र सरावाला येत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलचं वागणं फारसं बदललं नाही. म्हणजे एक दिवसाचा चषक पुरत नाही, दोन महिन्यांची लीग हवी, प्रत्येक संघ मिश्र हवा, आणि त्याच पोरांना पुढे दुसरं काम द्यायला हवं: विसर्जनाला वाहतूक सांभाळणं, रमजानमध्ये रात्रीच्या बाजारात गर्दी सांभाळणं, रक्तदान.

भिवंडीचीच पुढची गोष्ट सांगितली नाही तर चित्र अपुरं राहील. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथे हिंसा झाली. पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली आणि दोन पोलीस शिपायांना जमावाने मारलं. या वेळी वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता, वस्ती आणि पोलीस यांच्यातला होता, आणि पोलिसांनी बांधलेल्या यंत्रणेत पोलिसांशीच वाद झाला तर मध्ये कोण पडणार याची सोय नव्हती, असं माझं मत आहे. शिवाय अधिकारी बदलतात. एकाने जीव ओतून केलेलं काम पुढच्याला वारशात मिळत नाही, त्याला ते फायलीतला एक रकाना वाटू शकतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, कमिटीचा निमंत्रक आणि वही नागरिकांकडे. पोलीस बैठकीला येतो तो निमंत्रित म्हणून, आणि बैठकीचा शेवटचा अर्धा तास त्याच्याशिवाय होतो. कमिटी म्हणजे खबऱ्यांची टोळी असा वास एकदा आला की बायका आधी यायच्या थांबतात, मग तरुण. दोन, पोलिसांशी वाद झाला तर कुणाकडे जायचं ती दोन-तीन नावं आधी ठरलेली हवीत: निवृत्त न्यायाधीश, कॉलेजचे प्राचार्य, डॉक्टर, ज्यांचा शब्द उपायुक्तही ऐकेल आणि वस्तीही. नवे वरिष्ठ निरीक्षक रुजू झाले की पंधरा दिवसांच्या आत चार सभासदांनी वही घेऊन भेटायचं. मागच्या वर्षीच्या मिरवणुकीचा नकाशा, अफवांची यादी, अडकलेले अर्ज, चारही फोन नंबर यांची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवायची, पोच घ्यायची, आणि पुढच्या बैठकीची तारीख त्यांच्या डायरीत तिथेच लिहून घ्यायची.